जागा बघू दे

चैत्र निम्मा सरला की आमच्या मुरबाडच्या घरात टीव्हीखालच्या कपाटावर लग्नपत्रिकांचा ढीग साठतो. यंदाही साठलाय. एकेका रविवारी चार-चार लग्नं, त्यातली दोन नेमकी एकाच मुहूर्तावर, म्हणजे नवऱ्यानं एकीकडे जायचं आणि मी दुसरीकडे. सरळगावच्या नाक्यावर एसटीची वाट बघत उभं राहावं तर तीन दिशांनी तीन डीजे ऐकू येतात, आणि तिन्हीकडे गाणं एकच. पूर्वी मला या लग्नसराईची भारी हौस होती. गेल्या वर्षापासून मात्र हातात पत्रिका आली की मुहूर्त, स्थळ, जेवणाची वेळ सगळं बाजूला ठेवून मी आधी मुलीच्या बापाचं नाव शोधते. नावाच्या मागे 'कै.' आहे की नाही, तेवढं बघते. ही खोड मला कशी लागली ते सांगायचं म्हणजे हिराकाकीबद्दल सांगायला हवं.

हिराकाकी माझी चुलती. किन्हवलीहून पुढं आत गेलं की आमचं गाव लागतं, तिथं ती राहते. ती धवलारीण आहे. आमच्याकडच्या लग्नांत मांडव घालण्यापासून नवरी वाटेला लावेपर्यंत प्रत्येक विधीला बायका गाणी म्हणतात. ते धवळे. ते सांगणारी मुख्य बाई ती धवलारीण. ती एक ओळ सांगते आणि मागं बसलेल्या बायका तीच ओळ झेलतात. ओळ झेलली जाते तेवढ्या वेळात पुढची ओळ तिच्या तोंडात तयार असावी लागते. काकीला अक्षर वाचता येत नाही. तिच्या सासूच्या मागं बसून ती शिकली, आणि सासू गेल्यावर एक दिवस तिलाच पुढं बसवलं. काका गेले तेव्हाही तिचं बसणं सुटलं नाही. धवलारणीच्या कपाळावर कुंकू आहे की नाही हे आमच्या गावात कुणी बघत नाही, तिचं तोंड चालतंय ना, एवढंच बघतात.

लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्या पाठीला पाठ लावून बसायचे. ती गायला लागली की तिच्या बरगड्या माझ्या पाठीला कळायच्या. मांडवावर जांभळीचे ओले डहाळे टाकलेले असत, त्यांचा हिरवा, जरासा तुरट वास दुपारपर्यंत टिकायचा आणि मग पानं सुकून कुरकुर वाजायला लागायची. शेतांत पालापाचोळा जाळून राब भाजून झालेले असत, वारा आला की काळी राख मांडवातल्या पोह्यांच्या ताटलीत येऊन बसायची. लांब सिद्धगड उन्हाच्या धुरकटात अर्धाच दिसायचा. बायकांच्या ओंजळींना हळदीचा आणि घामाचा मिळून एक वास असायचा. आज कुठल्याही कार्यालयात तो वास आला की मी जिथं असेन तिथं थांबते.

आणि मी शिकवते काय, तर संगणक. मुरबाडच्या एका कॉलेजात. मुलं प्रॅक्टिकलच्या तासाला मोबाईल लपवतात आणि मी न दिसल्यासारखं करते. तीन वर्षांपूर्वी आम्हा शिक्षकांना पुण्याला एका अभ्यासवर्गाला पाठवलं होतं. विषय होता, माणसाच्या कल्पकतेचा नमुना संगणकात कसा बांधायचा आणि त्या नमुन्यानं कलावंताला हात कसा द्यायचा. शिकवणारे गृहस्थ हुशार होते. ते म्हणाले, कविता करणारा माणूस दर पावलाला काय करतो, तर शक्य असलेल्या शब्दांतून एक निवडतो. पुरेशा कविता दाखवल्या तर कुठल्या शब्दानंतर कुठला येईल याचा अंदाज यंत्रालाही बांधता येतो. वर्गातले सगळे वहीत लिहून घेत होते. मला समोर हिराकाकी दिसत होती, झेलणाऱ्या बायकांचा सूर खाली यायच्या आत पुढची ओळ निवडणारी. मला वाटलं, हे आपल्या घरातच आहे की.

तसं ते डोक्यात राहिलं असतं आणि विरलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात काकी अडखळायला लागली. शेजारच्या गावात एका हळदीला ती मध्येच थांबली, बराच वेळ थांबली, आणि कुणा टारगटानं तेवढ्यात डीजे सुरू केला. बायका हसल्या, नवरीही हसली. काकी तशीच उठून घरी आली. मी भेटायला गेले तर सूप पुढ्यात घेऊन बसली होती, पाखडत नव्हती.

"वैशे, आठवत नाय गो आता," ती म्हणाली. "तोंडाशी येतं आन मागं जातं."

"वय झालं, काकी. चालायचंच."

"चालायचं कसं? परनालीचं लगीन ऱ्हायलंय. रमेशच्या पोरीचा मांडव माज्या तोंडानं व्हायला पायजे. मंग बंद झाली वाचा तरी चालंल."

रमेश म्हणजे काकीचा एकुलता मुलगा, माझा चुलतभाऊ. कावीळ झाली आणि आठ दिवसांत गेला. प्रणाली तेव्हा नववीत होती. मंदावहिनीनं भात लावून, दुसऱ्यांच्या शेतावर मजुरी करून तिला शिकवलं. काकीनं कधी देवाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. माझ्याकडे तिनं हे एक मागितलं, आणि मला ते देता येण्यासारखं होतं. मला किती आनंद झाला होता, हे आठवलं की आता लाज वाटते.

पुढचं वर्षभर मी दर दुसऱ्या शनिवारी गावी जात होते. ओटीवर फोन मध्ये ठेवायचा आणि काकीनं गायचं. ती नुसती गात नसे. मध्येच कोंबडी हाकलायची, पाणी मागायची, गल्लीतून कुणी गेलं की 'कोन गो ती?' विचारायची. कधी गाता गाता थांबून अंगणाकडे, ओटीवर बसलेल्या बायकांकडे बघत राहायची आणि म्हणायची, "थांब, जागा बघू दे." मग पुढं गायची. घरी येऊन मी ते सगळं उतरवून काढायचे. कोंबडी, पाणी, 'जागा बघू दे' हे सगळं गाळून टाकायचं आणि ओळी तेवढ्या ठेवायच्या. साठाच्या वर धवळे जमले. माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून दुसरं काही केलेलं नाही.

उतरवताना एक गोष्ट ध्यानात आली. मांडवाची पहिली मेढ, म्हणजे खांब, रोवताना म्हणायचा एक धवळा आहे.

'पयला मान गो, मांडवाच्या दारी,
मेढ धरून उभा, नवरीचा बाप.'

हा काकीनं मला निरनिराळ्या लग्नांचा म्हणून सातआठदा सांगितला होता. त्यातल्या दोन-तीन वेळा ती 'नवरीचा मामा' म्हणाली होती. एकदा तर 'मेढ धरून उभं, अंगनातलं झाड' असंही म्हणाली होती. मी मनाशी हसले. म्हटलं, विसरते बिचारी. सगळीकडे मी 'बाप' करून टाकलं. सारखेपणा असला की यंत्र नीट शिकतं, असं वर्गात शिकवलंच होतं. एवढंच नाही, त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंही, की काकीच्या चुका मी कशा दुरुस्त करतेय.

यंत्र शिकलं. फार मोठं काही नव्हतं ते, माझ्या फोनवर चालेल इतपत. गायलेली ओळ त्यात घातली की ते पुढची ओळ दाखवायचं, आणि काकी अडली की ती मी तिच्या कानात सांगायचे. सुरुवातीला त्यानं जे काही धवळे रचले ते ऐकून काकी पोट धरून हसली. एकात नवरीच्या मामीला पाटावर बसवून दळली होती, एकात वरमाईला हंड्यात ओतली होती. "कोनच्या गावचा गो हा तुजा गडी?" ती विचारायची. "ह्याला लग्नात जेवाया बोलवू नुको, नवरीलाच वाढंल." पण तिला त्याचा लळा लागला. नवी शिकणारी पोर चुकत-माकत ओळ झेलते तसं ती त्याच्याकडे बघायची. एकदा त्यानं दोन धवळ्यांची गाठ घालून एक ओळ काढली, 'हलदीच्या वाफ्यात गो, पान्याला लागली नवरीची चाहूल.' काकीनं ती पुटपुटत तीन-चारदा म्हणून बघितली. "ही बरी हाय," म्हणाली. "ही माजी न्हवती. आता माजी." त्या दिवशी परतताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती आणि मी साऱ्या वाटेवर उगीच हसत होते. कल्पकतेला हात देणं म्हणतात ते हेच, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं, त्या एका ओळीपुरतं.

गेल्या वर्षी वैशाखात प्रणालीचं लग्न ठरलं. पत्रिका आली. मी फोनमध्ये पत्रिकेवरून नावं भरली, म्हणजे ओळींत जिथं नाव घालायचं तिथं ते आपोआप पडेल. नवरी प्रणाली, आई मंदा, मामा अमुक, आजी हिराबाई. बापाच्या नावामागं 'कै.' होतं. ते अक्षर गाण्याच्या मापात बसत नव्हतं, म्हणून ते सोडून नुसतं नाव भरलं.

मांडवाचा दिवस. सकाळचे नऊ वाजले असतील आणि ऊन एवढ्यातच भाजायला लागलं होतं. टँकर येऊन गेला होता, अंगणात त्याच्या गळक्या नळाची ओली रेघ अजून होती. मंदावहिनीनं नवी साडी लुगड्यासारखी नेसली होती आणि ती सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून उभी होती. प्रणाली पाटावर. तिच्या मामानं मेढीचं लाकूड खड्ड्यात उभं करून दोन्ही हातांनी धरलं होतं. मेढीला आंब्याचा डहाळा आणि उंबराची फांदी बांधली होती. काकी पुढं बसली, तिच्या मागं दहा-बारा बायका, आणि तिच्या डाव्या खांद्याशी मी, फोन पदराखाली घेऊन. ठरलं होतं, ती अडली की मी कानात पुढची ओळ सांगायची.

ती काय सुरेख गात होती. वर्षभरात सगळी गाणी तिच्या तोंडात पुन्हा बसली होती. मी फोनमध्ये ओळी घालत होते, पण पहिल्या चार धवळ्यांत तिनं एकदाही मला विचारलं नाही. मग तिनं मेढीचा धवळा घेतला. 'पयला मान गो, मांडवाच्या दारी.' बायकांनी ओळ झेलली. झेलून संपली. आणि काकी थांबली.

ती मेढीकडे बघत होती. मग मामाकडे. मग भिंतीशी उभ्या असलेल्या मंदावहिनीकडे. मला फक्त ती थांबलीय एवढं दिसलं. तो डीजे आठवला, ते हसणं आठवलं, आणि मी घाबरले. मी पदर बाजूला केला. फोनवर ओळ तयार होती. मी तिच्या कानाशी वाकले आणि ती सांगितली. वाचून बघितली नाही, नुसती सांगितली. वर्षभराच्या सवयीनं, माझा आवाज कानाशी आल्याबरोबर, काकीच्या तोंडून ती उघड्या गळ्यानं बाहेर पडली.

'मेढ धरून उभा, रमेश बाप.'

ती ओळ कुणी झेलली नाही. मागून एका म्हातारीनं सवयीनं 'मेढ धरून' एवढं म्हटलं आणि तीही थांबली. मामानं आपल्याच हातांकडे बघितलं. प्रणालीनं मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं. खरंच पाहिलं, कुणी आलं असेल म्हणून बघतात तसं. मंदावहिनी आत गेली. तिच्या पाठोपाठ भांडं पडल्याचा आवाज आला.

काकी गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि "आलेच" म्हणून पडवीत गेली. ती परत आली नाही. उरलेला मांडव कुणाच्या तरी फोनवरच्या सनईवर झाला.

यंत्राला रमेश गेलेला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. त्याच्या दहाव्याला मी स्वतः भात रांधला होता.

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली, चांगली नांदतेय. काकीला कुणी बोल लावला नाही. उलट सगळे हळहळले. 'म्हातारी थकली. पोटचा पोरगा गेलेला विसरली, काय करायचं?' असं प्रत्येक जण दुसऱ्याला हळू आवाजात सांगत होता. काकीसमोरही सांगत होता, कारण विसरणाऱ्या माणसाला ऐकूही येत नाही असं लोक धरून चालतात. काकी ऐकत होती. तिनं एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. आणि मीही तोंड उघडलं नाही. पंगतीत वाढत होते, पाहुण्यांना पाणी देत होते, आणि 'हो ना, वय झालं' असंसुद्धा एका बाईला म्हणाले.

पावसाळ्यात एकदा मी त्या सगळ्या ध्वनिफिती पुन्हा ऐकायला घेतल्या. या वेळी गाळायला म्हणून नाही. 'थांब, जागा बघू दे' हे ती कुठं कुठं म्हणते ते मी कागदावर टिपत गेले. दर वेळी त्याच्या पुढची ओळ बदललेली होती. ज्या लग्नात बाप नव्हता तिथं मामा उभा होता. जिथं मामाही नव्हता तिथं ते झाड, आणि पुढं तिनं बोलता बोलता सांगितलंही होतं की ते झाड नवरीच्या बापानं लावलेलं होतं. एका ठिकाणी सावत्र आई होती, तिथं काकीनं 'आई' शब्दाच्या आधी इतका वेळ घेतला होता की मी तेव्हा फोन बंद पडला की काय म्हणून तपासलेलं ऐकू येतं. ओटीवर गातानाही त्या त्या लग्नाच्या मांडवात कोण बसलंय, कोण नाही, कुणाच्या शेजारी कुणाची जागा रिकामी आहे, हे बघून मगच ती ओळ सोडायची. त्यालाच ती जागा बघणं म्हणायची. त्यातलं काही थांबणं विसरण्याचंही असेल. पण कुठलं ते मला सांगता येत नाही, आणि तेव्हाही येत नव्हतं. मी सगळंच विसरणं धरलं आणि कापून फेकलं. मी यंत्राला तिची गाणी शिकवली आणि ती गाणी जिथून येत होती तेवढाच भाग वगळला.

पुण्याच्या त्या गृहस्थांवर माझा राग नाही. शक्य शब्दांतून एक निवडणं, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त निवडण्याच्या आधी माणूस मान वर करून बघतो, हे मला काकीच्या घरची असून कळलं नाही.

यंदाच्या सराईत गावात पाच लग्नं आहेत. पाचांपैकी एकाही घरानं काकीला बोलावलेलं नाही. वाईट मनानं नाही, पुन्हा काही अशुभ तोंडून निघू नये म्हणून. धवळे स्पीकरवर लावतात, रेकॉर्ड केलेले, कुठल्यातरी दुसऱ्याच भागातले. मागच्या रविवारी मी त्यातल्या एका लग्नाला गेले होते ते निम्म्यात सोडून काकीकडे गेले. ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "काकी, मी सगळ्यांना सांगते. तू विसरली नव्हतीस. मी सांगितलं म्हणून तू म्हणालीस."

तिचा हात थांबला नाही. खडा काढून तिनं अंगणात टाकला.

"सांग," ती म्हणाली. "पन मंग दोनी सांग. ती येक वळ तुजी व्हती. बाकीची समदी माजी व्हती. नायतर म्हनतील, हिला जलमभर कोन तरी मागून सांगत व्हतं."

म्हणून हे लिहिलं. ती एक ओळ माझी होती. बाकी सगळं, साठाच्या वर धवळे आणि त्यातला प्रत्येक मामा, प्रत्येक झाड, हिराकाकीचं होतं. रमेशला ती एक दिवसही विसरलेली नाही.

त्या दुपारी मग आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो. लग्नघरातलं स्पीकरवरचं गाणं संपलं. काकी आपल्याशीच गुणगुणायला लागली. वर्षभरानं मी तिला गाताना ऐकत होते, म्हणून मी मान खालीच ठेवली, तिनं थांबू नये म्हणून. हळदीचा धवळा होता. एक ओळ झाली, दुसरी झाली. मग ती थांबली. मला वाटलं, अंगणाकडे बघत असेल. मी मान वर केली तर ती अंगणाकडे बघतच नव्हती. माझ्या मांडीवरच्या फोनकडे बघत होती.

"फुडं काय म्हनतो तो?" तिनं विचारलं.

"मी काढून टाकलंय ते, काकी. तू म्हण ना. तुला येतंय."

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ दे मंग," आणि सूप पुढं ओढून तांदूळ निवडायला लागली.